डाव्या हाताची जागा

माझ्या कार्डावर ‘कलासंचालक’ असं छापलेलं होतं. कार्ड बघून लोक माना डोलवायचे आणि मीही त्यांना डोलवू द्यायची. खरं तर आमच्या मंडळीत कलासंचालक म्हणजे जिच्याकडे हॉलची किल्ली असते ती बाई. मी सगळ्यांच्या आधी येऊन लाकडी जमीन ओल्या फडक्यानं पुसायची, कबुतरांची घाण काढायची, टेपरेकॉर्डर कापसानं साफ करायची आणि मग साडी बदलून, काळा पोशाख चढवून संचालक व्हायची. आठ-नऊ नर्तक, कॅन्टोन्मेंटात चर्चच्या मागे भाड्यानं घेतलेला एक हॉल, आणि घरोघरी भरतनाट्यम शिकणाऱ्या बंगलोरात आमचं बॅले. चामराजपेटेतल्या आमच्या नातेवाइकांना हे शेवटपर्यंत झेपलं नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं की माझी आत्या ‘ती कसरत शिकवते’ असं सांगून मोकळी व्हायची.

नव्वदच्या दशकात मी बरेच नाच बसवले. काही चांगले झाले, काही पडले. पण इथं लिहायचं आहे ते एकाच नाचाबद्दल. तो माझा नव्हता, माझ्या मिसचा होता. त्यांनी तो मरण्याआधी एकदा डोळ्यांनी बघावा एवढीच माझी धडपड होती. तो मी चुकवला, आणि चुकवून वर टाळ्या घेतल्या.

मिसकडे मी पोचले ती अण्णांमुळे. माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, कॅन्टोन्मेंटात शिवणकामाचं दुकान होतं. मिस अँग्लो-इंडियन होत्या, बॅले शिकवायच्या, आणि त्यांच्या वर्गातल्या मुलींचे फ्रॉक अण्णा शिवायचे. माप घ्यायला ते याच हॉलवर जात तेव्हा मी टेप धरायला बरोबर असे. सात वर्षांची होते. एके दिवशी अण्णा मापं घेत असताना मी भिंतीच्या दांड्याला धरून मुलींची नक्कल करत उभी राहिले. मिसनी माझी टाच बुटाच्या टोकानं सरकवून सरळ केली आणि पुढच्या मुलीकडे गेल्या. तेवढ्यानं मी त्यांची झाले.

त्या हॉलमध्ये आरसा नव्हता. बॅलेच्या वर्गाला आरसा लागतोच, पण तेवढा मोठा आरसा आणणार कोण? म्हणून मिस स्वतःच आरसा व्हायच्या. आमच्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या, तोंडानं ‘उजवा’ म्हणायच्या आणि स्वतःचा डावा पाय उचलायच्या. आम्ही समोर बघून आरशात बघावं तसं करत जायचं. डावं कुठलं, उजवं कुठलं, हा विचार आमच्याकडे नव्हताच. तो त्यांच्याकडे होता. पन्नास वर्षं त्या अशा उलट्या नाचल्या, तेही लांबलचक नाच, एकदाही न चुकता. मोजायला सुरुवात करण्याआधी त्या ‘अँड’ म्हणायच्या. तो शब्द आला की आमचा श्वास आत जायचा आणि एकावर पाऊल पडायचं.

मिसचा स्वतःचा म्हणून एकच नाच होता. त्यांची थोरली बहीण पियानो वाजवायची. तिनं एक धून बांधली आणि मिसनी त्यावर नाच बसवला. तरुणपणी तो त्या पाच-सहा वेळाच नाचल्या. मग बहीण गेली. हे सगळं मी यायच्या आधीचं. मी आले तेव्हा पियानो विकून झाला होता, त्याच्या जड पायांचे खळगे तेवढे जमिनीच्या फळ्यांत राहिले होते. त्या कोपऱ्यात आम्ही पिशव्या टाकायचो. त्या नाचाचा फोटो नव्हता, कुठं लिहून ठेवलेला नव्हता, आमच्यापैकी कुणी बघितलेला नव्हता. कुणी शिकवा म्हटलं की मिस म्हणत, ‘जा, दांड्यापाशी उभी राहा.’ मी तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा दांड्यापाशी गेले.

मी बरी नाचायची. उत्तम नव्हे, बरी. चौतिसाव्या वर्षी उजवा गुडघा गेला आणि घरी बसण्याऐवजी मी दुसऱ्यांना नाचवायला लागले. मिसनी वर्ग माझ्या स्वाधीन केला, मी वर्गाची मंडळी केली. माझ्या तोंडाला लगाम नव्हता, अजूनही नाही. मुली मला घाबरायच्या आणि मला ते आवडायचं. मिस कधी ओरडल्या नाहीत. मुलगी चुकली तर त्या तेच पाऊल पुन्हा करून दाखवायच्या, दहा वेळा, वीस वेळा, चेहरा न बदलता. मला वाटायचं, ओरडल्या असत्या तर वेळ वाचला असता.

मिस सत्तरी ओलांडून गेल्या होत्या तेव्हा एका सकाळी त्यांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि भाषा, तिन्ही एकदम गेली. एकच शब्द उरला. पाणी हवं असलं तरी ‘अँड’, दुखलं तरी ‘अँड’, मला बघून आनंद झाला तरी ‘अँड’. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द मागं राहतो. दुसरा झटका कधीही येईल, असंही म्हणाले. परदेशातल्या भाच्यानं घर विकायला काढलं, तिथं फ्लॅट होणार होते. मिसना देवनहळ्ळीच्या रस्त्यावर, चर्चच्या जोगिणींनी, म्हणजे नन्सनी, चालवलेल्या एका वृद्धाश्रमात ठेवलं, आणि त्यांची पत्र्याची पेटी माझ्या घरी आली.

दर रविवारी मी जायची. दीड तास बस, मग द्राक्षांच्या मळ्यांमधून चालत. बरोबर माझी एक नर्तकी यायची. ती मूळची निपाणीची. वडिलांच्या बदलीमुळे बारा वर्षांची असताना बंगलोरला आली, माझ्याकडे शिकली, आणि आता यशवंतपूरच्या एका कारखान्यात टायपिस्ट होती. माझ्याकडची सगळ्यात चांगली नाचणारी, आणि मला न घाबरणारी एकटीच. मिसच्या खोलीत पाहुण्याला एकच खुर्ची होती. मी मिससमोर टेबलाच्या पलीकडे बसायची आणि ती मिसच्या चाकाच्या खुर्चीमागे उभी राहायची, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून.

असाच एक रविवार. मी चहात बिस्किट बुडवून त्यांना देत होते. मिसनी बिस्किट नको म्हणून तोंड फिरवलं आणि डाव्या हाताची दोन बोटं टेबलावर ठेवली. ती बोटं चालायला लागली. आधी मला वाटलं, हात थरथरतोय. मग एक बोट दुसऱ्याच्या मागून सरकलं, जागेवर वळलं, आणि माझ्या हातातलं बिस्किट चहात गळून पडलं. नर्तक असं करतातच. दमलेले असले की पावलांऐवजी हातांनी नाच मोजतात. ही पावलं होती. ओळखीची होती, पण त्यांचा क्रम मी कधी बघितलेला नव्हता. शेवटी बोटं थांबली आणि सगळा पंजा टेबलावरून उचलून बाजूला उघडला, तळवा वर करून.

‘मिस, हा तोच का?’ मी विचारलं.

‘अँड,’ मिस म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी येऊन मी पेटी उघडली. तळाशी एक पिवळा पडलेला पांढरा फ्रॉक होता, आणि बहिणीच्या हातानं लिहिलेले सूर. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्यांकडून मी ते पियानोवर वाजवून घेतले, कॅसेटवर उतरवले. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. दुसरा झटका यायच्या आत मिसना हा नाच रंगमंचावर दाखवायचा होता. तालमीला त्यांना आणायचं नाही, एकदम प्रयोगालाच आणायचं, असंही मी ठरवलं. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. कलासंचालक झाले तरी आत ती टेप धरणारी पोरगीच होती.

चार-पाच महिने आम्ही दर रविवारी गेलो. मिसची बोटं टेबलावर नाचायची, आणि मी समोर बसून माझी बोटं त्यांच्याबरोबर चालवायची. त्यांची बोटं ज्या भिंतीकडे जायची, त्याच भिंतीकडे माझी. समोरासमोर, आरशासारखं, जन्मभर शिकले तसं. कधी कधी मिस मध्येच माझा हात धरून हलवायच्या. ‘अँड, अँड,’ म्हणायच्या, डोळे मोठे करून. मला वाटायचं माझी लय चुकतेय. मी आणखी सावकाश करून दाखवायची. मग त्या खुर्चीला मान टेकून डोळे मिटायच्या, आणि मी जोगीणबाईंना सांगायची की आज दमल्यात.

हॉलवर तालीम सुरू झाली तेव्हा निपाणीची पोरगी सारखी डावीकडे जायला लागली. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘मी मागनं बघतोय की. मिस डावीकडंच जातात. आन् शेवटाला हात बी डावाच.’

‘तू मागून बघतेस म्हणून तुला तसं दिसतं,’ मी म्हटलं. ‘मिस समोरच्याला दाखवतात. त्यांचं डावं म्हणजे आपलं उजवं. मी त्यांच्याकडे शिकले तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस.’

ती गप्प राहिली नाही. कधीच राहायची नाही. म्हणाली, ‘ते खरं हाय. पण मिस आता शिकवायल्यात की नुसतं आठवायल्यात?’

हा प्रश्न आज लिहितानाही मी दोनदा थांबले. बावीस-तेवीस वर्षांच्या त्या पोरीला जे दिसत होतं ते मला दिसायला काय हरकत होती? पण सगळ्या मंडळीसमोर तिनं मला विचारलं होतं, आणि कार्डावर माझं नाव होतं.

‘नाचता येईना अंगण वाकडं,’ मी म्हटलं. ‘उजवीकडे. अँड.’

मुली हसल्या. ती उजवीकडे गेली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

मग फ्रॉक. तोच जुना फ्रॉक घालायचा असं मी ठरवलं होतं. शिंप्याची लेक आहे मी, चाळीस-पन्नास वर्षांचं कापड कसं हाताळायचं ते मला कळतं. जाळी बदलली, कंबर सैल केली. पोरीनं घालून पाहिला, शेवटाला उजवा हात उचलून बाजूला नेला, आणि उजव्या काखेत टर्रकन उसवलं. हात वर जायला तिथं कापडच नव्हतं. डाव्या काखेत मात्र एक चौकोनी तुकडा जोडलेला होता, बारीक टाक्यांचा, हात मोकळा जाईल असा. अण्णांची शिवण, ओळखलीच मी. मनात म्हटलं, ही बाजू कधीतरी फाटली असेल, अण्णांनी डागडुजी केली असेल. मग मीही उजव्या काखेत तसाच चौकोनी तुकडा जोडला. इतका हुबेहूब जमला की मी तो दोन-चार जणींना दाखवलासुद्धा.

प्रयोगाच्या दिवशी जोगिणी मिसना गाडीतून घेऊन आल्या. थिएटर शहरातलं, आमच्या हॉलपेक्षा कितीतरी मोठं. मी पहिल्या रांगेत बरोबर मध्ये त्यांच्या खुर्चीची जागा केली होती, शेजारी फुलंही ठेवली होती. मिस तिथं थांबेनात. चाकाला हात घालून ‘अँड! अँड!’ करायला लागल्या. लोक बघायला लागले. शेवटी एकीनं खुर्ची ढकलत ढकलत प्रेक्षकांच्या उजव्या टोकाला नेली, अगदी रंगमंचाच्या कडेशी. तिथं तिरकी लावल्यावर त्या शांत झाल्या. तिथून नीट दिसणार नाही म्हणून मला वाईट वाटलं. मग वाटलं, दार जवळ आहे, सोयीचं असेल.

नाच फार तर सात मिनिटांचा. मी समोरच्या बाजूच्या विंगेत उभी होते, म्हणजे मिसपासून सगळ्यात लांब. पोरगी त्या दिवशी अशी नाचली की माझ्या गुडघ्याचं दुखणं मी विसरले. तिच्यात मला मिस दिसत होत्या, मी कधीच न बघितलेल्या, पंचविशीतल्या. शेवट आला. ती थांबली, वळली, आणि तिचा उजवा हात बाजूला उघडला, तळवा वर. तो हात सरळ माझ्याकडे आला. मी विंगेत रडत होते.

आणि तिच्या पाठीमागे, पार पलीकडे, मला मिस दिसल्या. त्यांनी डावा हात मांडीवरून उचलून रंगमंचाकडे पुढे केला होता. पंजा उघडा होता. सूर संपून दिवे जाईपर्यंत तो हात तसाच होता. मग अंधार झाला आणि टाळ्या पडल्या.

नंतर मी धावत त्यांच्याकडे गेले, गुडघ्यावर बसले, त्यांच्या गालाचा मुका घेतला. ‘अँड?’ मिस म्हणाल्या. त्यांनी माझ्या खांद्यावरून रिकाम्या रंगमंचाकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाल्या, ‘अँड?’ मी म्हटलं, ‘हो मिस, झाला. तुमचा नाच झाला.’ त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली. मला वाटलं, भरून आलं असेल. मी सगळ्यांना सांगत सुटले की मिसनी हात उचलून आशीर्वाद दिला. निपाणीची पोरगी शेजारी उभी होती. ती मिसच्या मांडीवरच्या हाताकडे बघत होती.

पुढच्या शनिवारी मी फ्रॉक घेऊन अण्णांकडे गेले. ते भावाकडे राहायचे. दुकान कधीच बंद झालं होतं आणि नजरही मंद झाली होती, पण कापड हातात आलं की त्यांची बोटं बघायला लागत. प्रयोगाला ते आले नव्हते, म्हणून म्हटलं, त्यांचंच काम त्यांना दाखवावं. जाळी थोडी फाटली होती, तेही विचारायचं होतं. त्यांनी फ्रॉक मांडीवर घेतला, गळा चाचपला, कंबर चाचपली, आणि उजव्या काखेशी थांबले.

‘पुट्टी, हे कोण घातलं?’ आमच्या घरात कानडी इतकं मिसळलेलं की त्रेचाळीस वर्षांच्या मलाही ते लहान पोरीसारखं पुट्टीच म्हणत.

‘मी घातलं, अण्णा.’

‘कशाला?’

‘हात वर जाईना.’

‘उजवा हात कशाला वर जायला पाहिजे?’ ते म्हणाले. ‘डावा हात वर जायचा. त्याच्यासाठीच तर मी इकडं तुकडा सोडला की.’ आणि त्यांनी डाव्या काखेवर अंगठा फिरवला.

‘ती डागडुजी नव्हती?’

‘डागडुजी? माझी शिवण उसवलेली तू कधी ऐकलीस?’ ते रागावलेच. मग त्यांना आठवायला लागलं. ‘दोरेसानी दुकानात आली होती,’ ते म्हणाले. गोऱ्या बाईला ते कायम दोरेसानीच म्हणत. ‘कापायच्या मेजाजवळ मला सगळं करून दाखवली. शेवटाला डावा हात असा बाजूला. मी विचारलो, हात कुणाकडं? तर म्हणाली, माझी अक्का तिकडं पियानोवर बसते, तिच्याकडं. नाच संपला की अक्का एक हात सुरावर ठेवून दुसरा पुढं करते, आणि आम्ही हात धरतो. मग मी म्हटलो, सरी, बरोबर आहे, डाव्या काखेत स्वल्प जागा सोडतो. उजवीकडं नको, तिकडं चापून बसू दे.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण लहानपणापासून ऐकली होती. इथं कळसा खरोखर काखेत होता, अण्णांच्या बारीक टाक्यांनी शिवलेला, आणि मी स्वतःच्या हातानं दुसऱ्या काखेत कात्री घातली होती. पियानोचे खळगे आठवले. प्रेक्षकांकडे तोंड केलं की डाव्या हाताला, भिंतीशी. पिशव्या टाकायला दिवसातून दोनदा मी तिथं जायची. एकदा त्यात माझा अंगठा अडकून नखही निघालं होतं.

मिस शिकवत नव्हत्या. आठवत होत्या. समोरच्यासाठी उलटं करण्याचे कष्ट त्यांनी पन्नास वर्षं घेतले, आणि जन्मात एकदा, सगळं गेल्यावर, त्या स्वतःसाठी सरळ नाचल्या. गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणतात, ती अशी. थिएटरात त्यांनी हट्टानं जागा बदलून घेतली ती दारासाठी नव्हे. बहिणीच्या पियानोची ती जागा होती. त्या बहिणीच्या जागी जाऊन बसल्या होत्या. सात मिनिटं तो उलटा नाच बघूनही त्यांनी शेवटी हात पुढे केला होता, की निदान एवढं तरी बरोबर होईल. आणि ज्या पोरीला सगळं ठाऊक होतं ती माझ्या सांगण्यावरून त्यांच्याकडे पाठ करून माझ्याकडे वळली.

‘काय झालं, पुट्टी?’ अण्णांनी विचारलं. ‘सरी झालं नाही काय?’

‘सरी झालं, अण्णा. खूप टाळ्या पडल्या.’

‘मग सरी,’ ते म्हणाले आणि जाळी चाचपायला लागले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बसमध्ये मी पोरीला सगळं सांगितलं. तुझं बरोबर होतं, म्हटलं. तिनं खिडकीबाहेर बघितलं. ‘मी म्हणत होते’ एवढं जरी ती म्हणाली असती तरी मला जरा बरं वाटलं असतं. पण ती एवढंच म्हणाली, ‘परत करू या मॅडम. त्यांच्या खोलीतच करतो. जागा होईल की.’ फ्रॉक पिशवीत होता. अण्णांनी जाळी सांधून दिली होती. उजवा तुकडा काढायला वेळ नव्हता, तो तसाच होता.

मिस पलंगावर होत्या. बुधवारी दुसरा झटका आला होता. मला कळवायला जोगिणींनी हॉलवर फोन केला होता म्हणे. मी सुट्टी घेऊन टाळ्या पचवत घरी बसले होते. आता डावा हातही चादरीवर नुसता पडलेला होता. डोळे उघडे होते, पण मी कुठून आत आले, कुठं उभी राहिले, त्यांनी बघितलं नाही. पोरगी दारातच थांबली. तिनं पिशवी उघडली नाही.

मी खुर्ची उचलली आणि टेबलाच्या या बाजूला आणली. इतक्या वर्षांत मी मिसच्या शेजारी कधी बसलेच नव्हते, कायम समोर. मी त्यांच्या उजव्या हाताला, पलंगाला लागून बसले, त्या बघत होत्या तिकडेच तोंड करून. मग डाव्या हाताची दोन बोटं त्यांच्या चादरीवर ठेवली आणि पहिल्यापासून सगळा नाच केला. सरळ. डावीकडे जायचं तिथं डावीकडे. एकदाही अडखळले नाही, मला तो उलटा इतका पाठ होता. शेवटी पंजा उचलला आणि डावीकडे उघडला. तिथं त्यांचाच हात होता. मी तो धरला. ‘मिस,’ मी म्हटलं, ‘चुकलं माझं. असं होतं ना? बघा, असं होतं ना?’ त्यांची बोटं गार होती आणि मिटली नाहीत. जोगीणबाई कांजीचा वाडगा घेऊन आल्या आणि मला बाजूला व्हायला सांगितलं.

नऊ दिवसांनी मिस गेल्या. नंतर लोकांनी तो नाच पुन्हा लावा म्हटलं, बाहेरगावाहून बोलावणीही आली. मी लावला नाही. पोरीनं एकदा विचारलं, मी नाही म्हटलं, आणि त्या वेळी ओरडलेही नाही. पुढं लग्न होऊन ती पुण्याला गेली. फ्रॉक माझ्या कपाटात आहे, दोन्ही काखांत दोन तुकडे. शिवणीतला फरक ओळखायला गेलं तर आता मलाही कळत नाही कुठला कुणाचा.

मी अजून शिकवते. आता हॉलला भिंतभर आरसा आहे, पण मी मुलींसमोर उभी राहत नाही. त्यांच्याकडे पाठ करते, त्या बघतात तिकडेच तोंड करते, आणि डावा म्हटला की डावाच उचलते. नव्या मुलींना वाटतं, मॅडम शिष्ट आहेत, तोंडसुद्धा दाखवत नाहीत. वाटू दे.

त्या नाचाची कॅसेट मी अधूनमधून लावते. शेवटचा सूर बहिणीनं लांब लिहिला आहे, त्याला आठ मोजावे लागतात. इतका लांब का, हे आधी मला कळलं नव्हतं. दोघींना हात धरायला तेवढा वेळ लागायचा. मी एक ते आठ मोजते, दर वेळी. तेवढा वेळ मिसचा हात पुढे होता.